कापूस भरलेलं आतडं

माणसाचं लहान आतडं वीस फूट लांब असतं, हे मी औरंगाबादच्या आमच्या शाळेत अकरा वर्षं घसा फोडून शिकवलं आणि अकरा वर्षं पोरांनी ते पेपरात वीस इंच लिहिलं. एकानं वीस मैल लिहिलं. तो फुलंब्रीहून रोज यायचा. अंतर म्हटलं की बिचाऱ्याला तेवढंच सुचायचं. भिंतीवरच्या तक्त्यावर छडी टेकवून टेकवून जठराच्या जागी असं भोक पडलं, की त्यातून पलीकडच्या वर्गातला भूगोल दिसायचा. तरी प्रश्न तोच, "सर, भाकर खाली कशी सरकती? आपुआप?"

"आपोआप नाही रे! आतडं मागून आवळतं, घास पुढं जातो!"

"व्हय सर," म्हणायचे सगळे. त्या 'व्हय'चा अर्थ 'नाय' असा असतो, हे कळायला मास्तरकी करावी लागते.

शेवटी मी आणि आमचे ड्रॉइंगचे मास्तर हेडमास्तरांच्या मानगुटीवर बसलो आणि शनिवारचा एक जोडतास मिळवला: चित्रकला आणि विज्ञान एकत्र. ड्रॉइंगचे मास्तर म्हणजे आख्ख्या शाळेतला माझा एकमेव दोस्त. हेडमास्तरांनी मात्र अट घातली, "सोमवारी तपासणीला साहेब येतायत. त्यांना पटलं तर तास ठेवू. नाही पटलं तर तिथं गणित, आणि हे ड्रॉइंगचे मास्तर बदलून सोयगावच्या शाळेत. मग माझ्याकडं रडत यायचं नाही."

बेत असा होता. कापडाची अन्ननलिका, जठर आणि वीस फूट आतडं शिवायचं. वरून कापडी चेंडूचा घास टाकायचा आणि पोरांनी बाहेरून हातानं आवळत तो खालपर्यंत न्यायचा. मास्तरांनी मांजरपाट रंगवला. जठर गुलाबी, आतडं केशरी, त्यावर घड्या अशा काढल्या की माशा येऊन बसायच्या. शाळेचा नळ तीन दिवस गुलाबी पाणी देत होता. शिपायानं त्याचा चहासुद्धा केला. शिवायला दिलं आमच्या गल्लीतल्या गादीवाल्या चाचांना. कागदावर सगळी मापं लिहून दिली. आतून पोकळ ठेवा, एवढं लिहिलं नाही. आतडं पोकळ असतं, हे काय सांगायचं?

सोमवारी साहेबांची जीप यायला अर्धा तास असताना चाचा हातगाडी घेऊन फाटकात आले. गाडीवर आतडं पडलेलं. तट्ट फुगलेलं! गच्च कापूस भरलेला, वर नीट टाके घातलेले. दोन वरातींच्या लोडांचं काम भागलं असतं.

"चाचा, ये क्या किया? इसमें कापूस?"

चाचांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच वेडा. "खाली खोल, बगैर कापूस की, मेरे दुकान से आजतक नै गई, सर. मेरे अब्बा के टाइम से नै गई. लोगां क्या बोलते?"

"अरे पण यातून घास जायचाय!"

"गादी में से?"

आम्ही टाके उसवले आणि आख्खा सातवीचा वर्ग कापूस ओढायला लावला. व्हरांड्यात इतका कापूस उडाला की समोरचा पिंपळ दिसेना. अन्ननलिका रिकामी झाली, जठर रिकामं झालं, आतडं चार फूट मोकळं झालं आणि साहेब आले.

घास टाकला. पोरांनी आवळला. घास जठरात गेला, आतड्यात शिरला, चार फूट गेला आणि थटला.

"सर, तुंबलं!" एक पोरगी ओरडली.

मास्तरांचा चेहरा पांढरा. मला सोयगावची एसटी दिसायला लागली. तेवढ्यात तीच पोरगी म्हणाली, "ए, पुढून ओढू नका रे! मागून दाबा. मागचं आवळलं की पुढचं सरकतंय." दहा-पंधरा जण कोपरं, गुडघे लावून भिडले. घास वीतभर पुढं गेला. अकरा वर्षं जे माझ्या तोंडातून त्यांच्या डोक्यात जाईना, ते चाचांच्या कापसानं अर्ध्या मिनिटात घातलं! मी आनंदानं वळलो, "साहेब, पाहिलंत?"

साहेबांनी पाहिलं नव्हतं. ते गुलाबी जठरावर हात फिरवत होते. "या घड्या कोणी काढल्या? वा! अशा माणसाला शाळेत काय कुजवताय?"

आठवड्यात हुकूम आला. मास्तर साहेबांच्या हापिसात तक्ते रंगवायला. आतडंही तिकडंच, भिंतीची शोभा म्हणून. मास्तर निरोप घ्यायला आले तेव्हा मी भडकलोच. "पोरं शिकली, हे सांगितलंत का त्यांना?"

"सांगत होतो," मास्तर खाली बघत म्हणाले, "तर ते म्हणाले, केशरी जरा आणखी भडक करा."

हेडमास्तरांनी वेळापत्रकावर रेघ मारली. "मास्तरच नाहीत तर जोडतास कसला? गणित घ्या."

शनिवारी वर्गात गेलो. तीच पोरगी उभी राहिली.

"सर, आतडं कुठंय?"

"साहेबांच्या हापिसात. टांगलंय."

"तिथं कोण दाबतंय त्याला?"

"कोणी नाही," म्हटलं, आणि फळ्यावर त्रैराशिक लिहायला घेतलं.