मागच्या अंगणातला आपटा

आमचे हे, मनमोहन, कचेरीत कारकून होते. पण ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीत त्यांना ओळखायचे ते मागच्या अंगणाचे अण्णा म्हणून. अंगण म्हणजे काय, चार खाटा टाकल्या की संपलं. दोन चाळींच्या मध्ये अडकलेला मातीचा तुकडा. नळाशेजारी अळू, एक जास्वंद आणि मधोमध आपटा. मी मेली रोज कटकट करायची, की घरातल्या तुळशीला तांब्याभर पाणी घालायला वेळ नाही आणि तिकडे बादल्या ओतताय. ऐकतील तर शपथ.

कारण मलाही ठाऊक होतं म्हणा. वाडीचे थोरले मालक मरताना मुलाला बजावून गेले होते, की माझ्या आईने लावलेला हा आपटा उभा आहे तोवर त्या जागेत वीट रचायची नाही. मुलगा जगदीशराव. त्याला तिथे गोदाम हवं होतं, पण वडिलांचा शब्द मोडायची छाती नव्हती. म्हणजे आपटा गेला की अंगण गेलंच. वाडीला मोकळा श्वास घ्यायला तेवढीच जागा. पापड तिथे वाळायचे, बारशाच्या पंगती तिथे बसायच्या. छप्पन्न साली रस्त्यावर अश्रुधूर सुटला तेव्हा डोळे चोळत माणसं धावली तीही त्याच नळावर.

म्हणून दसऱ्याला ह्यांचा कायदा कडक. झाडाला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. हे स्वतः स्टुलावर चढायचे आणि दर बिऱ्हाडाला एकेक डहाळी काढून द्यायचे. कोणी आणखी मागितली की डोळे वटारायचे. लोक तोंडावर चिक्कू म्हणायचे, ह्यांना त्याचं काही नाही.

मग राज्य झालं. मुंबईसकट झालं. त्या साली दसऱ्याच्या आदल्या दिवशी वाडीची सभा भरली, आणि जन्मात कधी चारचौघांत न बोललेले आमचे हे उठून उभे राहिले. "यंदा माझा कायदा नाही," म्हणाले. "हवं तेवढं सोनं घ्या." टाळ्या काय, घोषणा काय, विचारू नका. मी ह्यांना खाली बसवायला हात पुढे केला. पण ह्यांचा चेहरा इतका खुलला होता, की मी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दादरला सुमतीवन्संकडे, म्हणजे माझ्या नणंदेकडे जेवायला गेलो. परतलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आमची खोली रस्त्याच्या अंगाला, मागचं काही दिसत नाही. टेकतो न टेकतो तोच माणसं सोनं द्यायला लागली. सुंदराबाई पदरभर पानं घेऊन आल्या, ह्यांच्या पाया पडल्या. मागून आणखी चौघे. ताटात ढीग झाला. हे हसून सगळ्यांना आशीर्वाद देत होते. मग वरच्या मजल्यावरचा दगडू आला, त्याच्या हातात पानं नव्हती, मनगटाएवढी फांदी होती. साल लोंबत होती. ह्यांचा हात तसाच राहिला. अनवाणीच मागच्या जिन्याने धावले, मी मागे.

अगं बाई, काय सांगू. झाडावर एक पान नव्हतं. मोठी माणसंसुद्धा वर चढली होती, त्यांच्या भाराने खोड बेचक्यातून थेट मुळापर्यंत उभं चिरलं होतं. अर्धं झाड अळवावर आडवं, उरलेलं अर्धंही आता तगायचं नव्हतं. माझं तोंड सुटलं ते सुटलंच, मेल्यांनो, ह्याला सण म्हणतात? कोणाला काही वाटत नव्हतं असं नाही, माना खाली होत्या. दगडू पुटपुटला, की अण्णाच म्हणाले होते. ते खोटं नव्हतं, म्हणून मला जास्तच राग आला. हे खोडाच्या चिरेत बोटं घालून दोन्ही बाजू जवळ आणायला बघत होते.

तेवढ्यात जगदीशराव आले, परीटघडीचं धोतर, हातात बाजारातून आणलेलं सोनं. झाड बघून तेही दचकले. हळूच म्हणाले, "अण्णा, मी एका पानाला हात लावलेला नाही."

खरंच होतं, वडिलांचा शब्द त्यांच्याऐवजी आम्हीच मोडला होता. त्यांनी सोनं पुढे केलं. दसऱ्याला आलेल्या माणसाला सोनं दिल्याशिवाय परत पाठवत नाहीत. हे वाकले, पायाशी पडलेलं एक पान उचललं आणि जगदीशरावांच्या तळहातावर ठेवलं.

"सोन्यासारखे राहा," म्हणाले.

जगदीशरावांनी पान कपाळाला लावलं आणि खिशात ठेवलं.