रानगव्यासमोर बसलो तेव्हा

त्या वर्षी मी कॉलेज सोडायचं जवळजवळ ठरवलं होतं. टेंभुर्णीच्या आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेला मी पहिलाच. जालन्यात खोली करून राहायचो. सकाळी तास, दुपारपासून एमआयडीसीत बियाण्याच्या पिशव्या भरायच्या. इंग्रजी पुस्तकं डोक्यावरून जायची, पण पोरं हसतील म्हणून कुणाला विचारायचो नाही. दर सोमवारी महादेवाला मात्र विचारायचो, थांबू की सोडू? ऐकणारं कुणी आहे का, याचीच मला शंका येऊ लागली होती.

अशात प्राणिशास्त्राची सहल रानगवे पाहायला मेळघाटात गेली. वाटभर मी पेंगत होतो. "झोपेत आला अन् झोपेतच वापस जाणार हा," मित्र म्हणाला. सगळे हसले. सकाळभर चालून चितळं दिसली, सांबराचे माग दिसले, गवा काही दिसेना. माझ्या झिजलेल्या चपलेतून टाचेत काटा मोडला. तरी "व्हा तुम्ही पुढं" एवढंच म्हणालो. काट्याचं बोललो नाही. ते वळणाआड गेले.

तेवढ्यात बांबू हलले आणि तो समोर आला. काळाभोर, पाय गुडघ्यापर्यंत पांढरे, खांदा माझ्या डोक्याएवढा उंच. पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही बैलांचे खांदे हळद-तुपानं मळतो. काय झालं कोण जाणे, अर्धवट झोपेच्या गुंगीत माझा हात तसाच पुढं गेला. "हो रे राजा" म्हणत मी दोन पावलं चाललोही. गवा फुस्कारला. त्यानं मान खाली घातली.

"हात खाली घे, बाबू. तो तुह्या घरचा बैल नाही." मागून आवाज आला. सरपणाची मोळी घेतलेली एक म्हातारी होती. तिनं मला खांद्याला धरून झाडाआड खाली बसवलं. "बस. तो जाईल तवा आपण जाऊ."

माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं. "महादेवा, आता तूच बघ," एवढंच मनात आलं. त्यात कसला प्रश्न नव्हता. बऱ्याच वेळानं गवा वळला आणि बांबूत शिरला.

मी लंगडत उठलो, तर तिनं माझा पाय ओढून मांडीवर घेतला.

"मावशी, पायाला हात नका लावू!"

"मंग काटा काय कानातून काढू?" गळ्यातल्या पोतीला अडकवलेली पिन घेऊन तिनं काटा काढला. "दुखत होतं, तं बोलला काहून नाही?"

मला रडू आलं. तिनं वाटेपर्यंत सोडलं. तिचं नावही मी विचारलं नाही.

गाडीजवळ आमचे प्राणिशास्त्राचे सर एकटेच होते. मी म्हणालो, "सर, मला वर्गातलं काही समजत नाही."

"अन् दीड वर्ष तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होतास?" सर खेकसले. मग म्हणाले, "उद्यापासून मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत येत जा. पुस्तक घेऊन."

पदवी हातात पडायला एक वर्ष जास्त लागलं. ती म्हातारी कुणी पाठवली, हे मी कुणाला पटवत बसत नाही. अजूनही दमतो. दमलो की शेजारच्या माणसाला तसं सांगतो. बहुतेक वेळा कुणीतरी सरकून बसायला जागा देतं. मी मनातल्या मनात महादेवाला हात जोडतो आणि बसतो.