फवारणीचा शर्ट अन् ऊन पाण्याचं कुंड

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षी राळेगावकडच्या आमच्या वावरातली पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. पंपाचा फवारा वर मारला की औषध तोंडावरच यायचं. तिसऱ्या दिवशी आमच्या ह्यांना अंधुक दिसायला लागलं. डॉक्टरांनी थेंब दिले, पण फरक पडेना. नवऱ्याची नजर गेली तर कसं व्हायचं?

सासूबाई म्हणाल्या, "धरणापलीकडच्या ऊन पाण्याच्या कुंडावर ने त्याले. ज्या कपड्यात दुखनं लागलं, त्याच कपड्यात उतराचं, अन् तो कपडा तिथंच सोडून याचा." म्हणून तो फवारणीचा शर्ट मी न धुता पिशवीत बांधून ठेवला. मोठी शहाणी ना मी!

कुंडाला रस्ता नाही. धरण भरलं की तिन्ही बाजू बुडतात, चौथीकडं उभा डोंगर, मग डोंग्यानंच जायचं. मला पोहता येत नाही. डोंगा कलला की मी ह्यांचा दंड गच्च धरायची अन् हे हसायचे, "अवं, बुडलो तं मले दिसनार बी नाही." मेलं, ही काय थट्टेची वेळ! डोंगेवाला आम्हाला उतरवून दुसरी माणसं आणायला परत गेला.

कुंडावर आम्ही दोघंच. मी ह्यांच्या अंगात शर्ट घातला, बटणंही लावून दिली. हे गळ्यापर्यंत उतरले. थोड्या वेळानं वाफेबरोबर तोच औषधाचा वास आला. ह्यांच्या तोंडातून लाळ गळायला लागली. "मले गुदमरून राह्यलं," म्हणाले, अन् मान टाकली.

मी तशीच पाण्यात उतरले, शर्ट टराटरा फाडला, ह्यांना काठावर ओढलं. पदर हलवत बोंबलत सुटले. डोंगा पार पलीकडे, बोटाएवढा. तो येईपर्यंत ह्यांच्या छातीवर हात ठेवून बसले, हलते का नाही ते बघत. इतकी मी बाळंतपणातही भ्याले नव्हते.

दवाखान्यात हे शुद्धीवर आले तेव्हा डॉक्टर खवळले, "विषाचा शर्ट घालून गरम पाण्यात? कोणत्या मूर्खानं घातला हा?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात हे बोलले, "मीच घातला साहेब. कोनता शर्ट हाये, दिसलाच नाही मले."

नजर पुढं हळूहळू परतली. पण त्या दिवशी ह्यांना माझं तोंड दिसत नव्हतं, म्हणून मी पदर तोंडावर दाबून खाटेजवळच उभी राहून रडले.