पुसलेलं नाव

आसेगावच्या घरी आज जुन्या कॉम्प्युटरवर पांघरलेलं आईचं लुगडं उचललं, आणि धुळीच्या उबट वासाबरोबर ती दुपार परत आली.

बाबांना जाऊन महिनाच झाला होता. गुरांना हाक मारतानाचा त्यांचा लांबवलेला आवाज आम्ही कॉम्प्युटरमध्ये ठेवला होता, आणि दादाच्या हातून ती फाइल डिलीट झाली. पडद्याचा निळा उजेड त्याच्या रडवेल्या चेहऱ्यावर थरथरत होता. कॉम्प्युटरच्या दुकानदाराला फोनवर विचारून मी आईला समजावलं, "डिस्कवरून फक्त फाइलचं नाव पुसल्या जाते, आई. आवाज तिथंच राह्यते. त्या जागी दुसरं काही लिवलं, का मंग मिटते."

आई हळूच म्हणाली, "नावच गेलं ना? म्या तं त्यायचं नाव जलमात घेतलं नाई. म्हणून काय ते घरात नवते?"

तिनं कॉम्प्युटर बंद करायला लावला आणि वर आपलं लुगडं पांघरलं. तेव्हा मला ते भाबडं वाटलं होतं.

आता डिस्क वाशीमला दुरुस्तीच्या दुकानात नेली, तर आवाज परत मिळेलही. ती काढायला मी पेचकस हातात घेतला, तोच अंगणातून आईनं गुरांना हाक मारली. शेवट अगदी बाबांसारखाच लांबवत.