हातची बोय गेली

मैत्रिणींनो, घरी येऊन दोन तास झाले, अजून चहा करायचीही इच्छा नाही.

इथे आखातात, महबूल्याच्या किनाऱ्यावर गळ घेऊन बसायचा हा माझा चौथा शुक्रवार. मे लागला की उन्हाने सकाळीसुद्धा उभं राहवत नाही, म्हणजे माझ्या हातात थोडेच दिवस. आज अखेर पावाच्या गोळीला बोय मासळी लागली, चांगली हातभर. बोयीचा ओठ फार नाजूक, जोरात ओढला की फाटतो. तिला दमवत सावकाश जवळ आणावं लागतं. मी तेच करत होते.

शेजारी रत्नागिरीकडचे एक सुतार मासे धरत होते. ते धावत आले. "आजी, सोडा, तुम्हाला नाय जमायचं," म्हणत त्यांनी गळाची काठी माझ्या हातातून घेतली आणि खेचली. ओठ फाटला, बोय गेली.

"बारकी होती," ते म्हणाले.

"बारकी होती तर धावत कशाला आलात?"

"खडकावरून पडला असतात, आजी. मुलगा कुठाय तुमचा?"

मुलगा घरी झोपला होता. मी तीस वर्षं रुग्णांच्या शिरेत सुई घातली आहे, माझा हात आजही थरथरत नाही. हे सांगायला तोंड उघडलं आणि कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी लावलेली सवय आडवी आली. मी "थँक यू" म्हटलं. ते खूश होऊन गेले.

त्यांच्यापेक्षा मला स्वतःचाच कंटाळा आलाय. न मागितलेल्या मदतीला "नको" म्हणायला तुम्हाला कुणी शिकवलं होतं का?