जोतिरामाच्या पटक्यातली चार नळकांडी

ज्यानं निम्मं आयुष्य मेंढरांमागं काढलं आणि सांगोल्याकडच्या माळावर पाणी पाहिलं ते बहुतेक घागरीतच, तो जोतिराम उजनीच्या फुगवट्यावर होडी चालवतो, हे त्याच्या भावकीला अजून खरं वाटत नाही. पण तो राहायला आला त्या सासऱ्याच्या गावापुढं धरणाचं पाणी पसरलेलं आणि बाजार पलीकडच्या काठाला. जोतिरामानं मेंढरं विकून इंजिनाची होडी घेतली, त्याला चौदा वर्षं झाली. माणसं, दुचाक्या, शेरडं, एकदा तर वाजंत्र्यांसकट वरात त्यानं पार केली. डोक्याला तांबडा पटका आणि तोंडात बिडी. विझलेली का असेना, बिडी हवीच.

यंदा होडीच्या परवान्याला नवी अट आली. दर होडीत चार लाल नळकांडी पाहिजेत. होडी संकटात सापडली की एक पेटवायचं, मग त्याचा लालभडक उजेड बघून लांबून मदत येते. नळकांड्यांबरोबर एक छापील कागदही आला. सरकारी कागद म्हणून जोतिरामाच्या बायकोनं, मायाक्कानं, खळ लावून तो देवघराशेजारच्या भिंतीला डकवला. कोरड्या जागी ठेवा. इंजिन, डिझेल आणि आगीपासून लांब ठेवा. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गरज पडताच हाती येतील अशी ठेवा. हे लिहिणारा कधी होडीत बसला असेल असं काही वाटत नाही.

पंधरा दिवसांनी तपासणी होती. नळकांडी नीट ठेवलेली दिसली नाहीत तर परवाना नाही, आणि परवाना नाही तर होडी काठावर पालथी. अठ्ठावन्नाव्या वर्षी जोतिरामानं करायचं काय? मेंढरं तर केव्हाच विकलेली. या विचारानं त्याला घास गोड लागेना.

होडीत त्यानं इंच न् इंच धुंडाळला. मागं इंजिन. फळ्यांखाली घोटाभर पाणी, ते बारमाही मुक्कामाला. पुढच्या टोकाला ठेवली, तर पहिल्याच खेपेला एका शेरडानं नळकांड्याचं वेष्टण खाल्लं आणि ते आतल्या मालाचा वास घेऊ लागलं. जोतिराम अशी बोंब मारत धावला, की दोन्ही काठांवरची माणसं होडी बुडाली म्हणून गोळा झाली.

"साऱ्या होडीत कोरडं ऱ्हातंय ते तुमचं डोस्कं," मायाक्का चिडून म्हणाली. "बांदा की पटक्यात!"

बोलली ती रागानं, पण जोतिरामाला ते लाखातलं वाटलं. कोरडं, इंजिनापासून लांब, पोरांचा हात पोचत नाही, आणि आपला हात मात्र पोचतो. कागदातली एकूण एक अट डोक्याला लागू पडत होती. राहता राहिली आग. दुसऱ्या दिवशी त्यानं पटक्याच्या घड्यांत चारी नळकांडी बसवली आणि बिडी बंद केली. तीस वर्षं घसा फोडूनही जे झालं नव्हतं ते झालेलं बघून मायाक्का थक्कच झाली. जोतिरामाची मान मात्र ताठली. कुणी रामराम घातला तरी ती हलेना. होडीवाल्याला गर्व झाला, असं गावात बोललं जाऊ लागलं.

तपासणीला विरेश नावाचा तरुण साहेब आला, अक्कलकोटकडचा. होडीत चारपाच गाववाले होते, त्यांच्यात धनाजी होता. साहेबानं उकडतं म्हणून अंगातलं तरंगायचं जाकीट काढून बुडाखाली घेतलं आणि होडी पाण्याच्या ऐन मध्यावर आल्यावर फाईल उघडली.

"काका, फ्लेअर दाखवा. ती लाल नळकांडी."

"हायती की."

"कुठं आहेत?"

"जवळच हायती, सायेब."

जोतिरामाचा हात पटक्याकडं गेला आणि तिथंच थांबला. पंधरा दिवसांत हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. पटका चारचौघांत उतरवायचा नसतो. उतरवला तर बाप गेल्यावर, नाहीतर कुणाच्या पायावर ठेवून गयावया करायला. इकडं साहेबाचं पेन 'नाही'च्या चौकोनाकडं निघालं होतं. जोतिरामानं डोळे मिटले, पटका उतरवला, आणि सोडायला सोपं जावं म्हणून समोरच्या फळीवर ठेवला. त्या फळीवर साहेबाचे बूट होते.

"अहो काका, हे काय! तुम्ही माझ्या वडिलांच्या वयाचे! उचला तो!"

"सायेब, म्हाताऱ्याची अब्रू राका," धनाजी कळवळून म्हणाला.

"तसं न्हाई वो," जोतिराम म्हणत होता आणि पटक्याच्या घड्या सोडत होता. साहेब लाजून मागं सरकला, उभा राहिला, त्याचा पाय सुटलेल्या कापडात अडकला आणि तो पाण्यात पडला. चारी नळकांडी फळ्यांखालच्या पाण्यात गेली.

"नळकांडं पेटवा! मदत यील!" धनाजी ओरडला.

जोतिरामाच्या हातात पटक्याचं दुसरं टोक होतं. मेंढरू विहिरीतून काढतात तसं त्यानं साहेबाला आधी पटक्यात अडकलेल्या पायाकडून आणि मग हाताला धरून ओढून वर घेतलं.

काठावर साहेब मायाक्काचं घोंगडं पांघरून बसला. पटक्यात काय होतं हे त्याला आता कळलं होतं. त्यानं होडीत राहिलेली फाईल उघडली, तोच छापील कागद काढला आणि उलटा केला. मागच्या बाजूला चित्र होतं. घट्ट झाकणाचा डबा, त्यात नळकांडी, आणि डबा बैठकीखाली उंच बांधलेला.

जोतिरामाच्या घरी ही बाजू भिंतीला होती.

"भिजलेली परत द्या, नवी देतो. डबा तेवढा आणा," साहेब म्हणाला.

"डबा कशाला? डोस्क्यातच बरी हुती की," मायाक्का घाईनं म्हणाली. तिला बिडी परत येताना दिसत होती.

साहेबानं 'मंजूर' लिहून कागद सहीसाठी पुढं केला. जोतिरामाचा हात उघड्या डोक्यावरून फिरत होता. आपण चारचौघांत बोडके उभे आहोत, या लाजेपुढं त्याला परवाना दिसतच नव्हता. साहेबानं कागद मागं घेतला. तो उठला, बाभळीवर वाळत घातलेला पटका त्यानं दोन्ही हातांवर घेतला.

"आधी हा बांधा, काका. सही मग."

जोतिरामानं ओलाच पटका बांधला. सही करताना त्यातलं पाणी नाकावरून ओघळून नावावर पडलं आणि 'जोति'च्या पुढचं सगळं पसरलं.

"चालतंय," साहेब म्हणाला.