अर्धी दुमडलेली चटई

आमच्या गावची मंडई, म्हणजे गावची जत्रा, दिवाळीनंतर भरते. त्या रात्री नाटक असते, आणि नाटकाच्या नावानं घरोघरी पाहुणे येतात. ज्याच्या घरी कोणीच येत नाही, त्याचं ते घर तेवढ्या दिवसापुरतं जास्तच रिकामं दिसते.

शेजारचे लटारूभाऊ तळ्यावर मासे धरतात. बायको सोमारी जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी रंजीता पुण्याला कंपनीत आहे. मंडईच्या आठ दिवस आधी ते मोबाईल घेऊन माझ्याकडे आले.

"प्रेमिला, वाच बरं. पोरीनं काय लिवलं?"

'बाबा, मंडईचा प्लॅन टेंटेटिव्ह आहे.'

मी मराठी शाळेतली. शब्द ऐकलेला होता, पण नेमका अर्थ मोबाईलमध्ये पाहूनच सांगितला. "भाऊ, ठरवलं आहे, पण पक्कं नाही. बदलूही शकते."

"म्हंजे सोयरीक झाली, साक्षगंध बाकी?"

"तसंच समजा, साखरपुडा व्हायचा आहे."

ते हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "पण मांडवात जागा किती धरू?"

खरा प्रश्न तोच होता. आमच्याकडे नाटकाची जागा दुपारीच चटई टाकून धरतात. जेवढी माणसं, तेवढी चटई. उगाच जास्त जागा अडवली, तर गाव बोलते.

मंडईच्या दिवशी देवीला नारळ फोडून मी मांडवात गेले. लटारूभाऊंनी सोमारीबाईनं विणलेली शिंदीच्या पानांची चटई आणली होती. चार माणसं बसतील एवढी. अर्धी पसरली होती, अर्धी दुमडून त्यावर विटेचा तुकडा ठेवला होता.

गावातले गुलाबभाऊ घरच्या मंडळीला घेऊन जागा शोधत होते. "काऊन लटारूभाऊ, एकट्या माणसाले एवढी चटई? लोळत पाहता का नाटक?"

"अर्धी तं दुमडून ठेवली ना!"

"मंग उचला."

"उचलता येत नाई. टेंटेटिव्ह हाय."

गुलाबभाऊंना काही कळलं नाही. ते हसत पुढे गेले.

वडशाच्या रेल्वे स्टेशनाहून येणारी शेवटची बस संध्याकाळी आली. लटारूभाऊ उठले नाहीत, नुसते रस्त्याकडे पाहत राहिले. उतरलेली माणसं आपापल्या घरी गेली. मांडवातले दिवे लागले, पेटीवाला सूर लावू लागला, तेव्हा त्यांचा फोन वाजला. फोनचा आवाज मोठा ठेवून ते बोलतात, म्हणून शेजारच्या चटईवर मलाही ऐकू आलं.

"बाबा, सुट्टी नाही भेटली. तुम्ही वाट पाहत होते का?"

"नाई वं बेटा. टेंटेटिव्ह म्हनली होती ना तू? मी जागाच नाई धरली. जेवलीस का?"

फोन ठेवून त्यांनी वीट बाजूला केली, घडी उलगडली, तळहातानं धूळ झटकली.

"गुलाब," त्यांनी गर्दीत हाक मारली, "ये, पोरीबाळी घेऊन ये. जागा हाय."